दोन नावांची बेरीज

आमच्या विद्यापीठात बढतीचा हंगाम आला की माणसं एकमेकांना "कसे आहात" असं विचारायचं सोडतात आणि "तुमचे किती" असं विचारू लागतात. किती म्हणजे सायटेशन. आपण लिहिलेल्या शोधनिबंधाचा आधार दुसऱ्या कोणी घेतला आणि संदर्भात आपलं नाव टाकलं, की आपल्या खात्यात एक जमा. असे सगळे जमा मोजायचे आणि त्यावरून शास्त्रज्ञ केवढा ते ठरवायचं. मी रायपूरला हवामानशास्त्र शिकवते, आयुष्यभर तापमानं मोजत आले, तेव्हा मोजण्याला माझी हरकत नाही. पण तापमापी सावलीत, ठरल्या उंचीवर टांगावी लागते आणि तिच्यासमोर कितीही हात जोडले तरी पारा चढत नाही. सायटेशनचा पारा हात जोडले की चढतो.

लग्नातल्या आहेरासारखंच आहे ते. तुम्ही आमच्या पोरीच्या लग्नात साडी दिली, आम्ही तुमच्या सुनेला देऊ. आमच्याच इमारतीत चार-पाच जणांचं असं एक मंडळ आहे. मातीवर लिहिणारा खतावर लिहिणाऱ्याचा उल्लेख करतो, खतावर लिहिणारा किडीवर लिहिणाऱ्याचा, आणि वर्षअखेरीला सगळे थोर होतात. अहो रूपम् अहो ध्वनिः. मी त्यात कधी गेले नाही. त्यामागे तत्त्व वगैरे काही नव्हतं, मला कंटाळा होता.

या वेळी मात्र कंटाळा करून चालणार नव्हतं. प्राध्यापकपदाची ही माझी शेवटची संधी होती. आधी एकदा समितीच बसली नाही, एकदा फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जाताना कुठे तरी निजली. आता निवृत्ती इतकी जवळ आली होती की पुढची समिती बसेपर्यंत मी घरी मेथी निवडत असणार. मला प्राध्यापक म्हणून निवृत्त व्हायचं होतं. हौस म्हणा हवं तर. ज्यांना मी शिकवलं ते प्राध्यापक झाले आणि वरांड्यात भेटले की "मैडम, पहले आप" म्हणून दार धरून उभे राहतात. ते मला सहन होत नाही.

ग्रंथालयात ही मोजणी करून देणारे एक गृहस्थ आहेत. बेमेतऱ्याकडचे, सज्जन, सगळ्या बायकांना दीदी म्हणणारे. त्यांनी माझं नाव टाकलं, मग कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला.

"दीदी, आपका तो बहुत कम आ रहा है।"

"रात के तापमान वाला पेपर कहाँ है?" मी विचारलं.

त्यांनी शोधलं. "हव दीदी, मिल गया। बहुत अच्छा है, बहुत लोगों ने लिया है। पर ये तो किसी और मैडम के खाते में है।"

तो निबंध मी पीएच.डी. करताना लिहिलेला. वेधशाळेच्या जुन्या रजिस्टरांतली रात्रीची किमान तापमानं मी हातानं उतरवून काढली होती, धुळीनं डोळे सुजेपर्यंत. त्यातून दिसलं ते असं, की छत्तीसगढच्या मैदानात दिवसांपेक्षा रात्री जास्त तापत चालल्या आहेत, आणि धानाचा दाणा भरायच्या दिवसांत रात्र गरम राहिली तर दाणा पोचट राहतो. माझे गाईड तेव्हा म्हणाले होते, दिवसाचं बोल, रात्रीचं कोण विचारतं. मग जग तापलं आणि सगळेच विचारू लागले. माझ्या साऱ्या कारकिर्दीत जगानं वाचलेली वस्तू म्हणाल तर ती तेवढी एक.

पण ती माझ्या माहेरच्या नावानं आहे. माहेरचं नाव म्हणजे नुसतं आडनाव नव्हे. इतर ठिकाणी बाई लग्नानंतर आडनाव बदलते आणि सुटते. आमच्यात, निदान तेव्हा, मूळ नावसुद्धा बदलत. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं, आलेल्यांना पेढे वाटायचे. माझं माहेर तात्यापाऱ्यातलं, आमची माणसं भोसल्यांच्या काळापासून रायपूरला. सासर नागपूरकडचं, रेल्वेतलं. त्या घरात थोरल्या जाऊबाईंचं नाव नेमकं माझंच होतं. सासूबाई म्हणाल्या, एका हाकेला दोघी आल्या तर काय करायचं, आणि एकीही नाही आली तर काय करायचं. त्यात दुष्टावा नव्हता, सोय होती. मलाही तेव्हा गंमत वाटली. यांनी निवडलेलं नाव चांगलंच होतं, अजून वापरते आहे.

तर असं माझं पहिलं नाव गेलं, मधलं वडिलांचं गेलं, शेवटचं आडनावही गेलं. कोर्टात जाऊन शपथपत्र केलं, ते नोकरीच्या कागदांत लागलं आणि माणसांना तेवढं पुरलं. मशीन शपथपत्र वाचत नाही. मशीनच्या लेखी मी दोन बायका होते. एक चार ओळी लिहून गप्प झालेली, दुसरी मध्येच कुठून तरी उगवलेली. आणि त्यातली पहिली मशीननं भलत्याच बाईला देऊन टाकली होती.

ती बाई विदर्भातल्या एका कॉलेजात शिकवत होती. विषय शेतीचं हवामान, म्हणजे माझाच. नाव आणि आडनाव हुबेहूब माझं जुनं. तिच्या खात्यात माझा निबंध सगळ्यात वर होता, पाटावर बसवल्यासारखा.

"आयत्या बिळावर नागोबा," मी म्हणाले.

"जी दीदी?"

"कुछ नहीं।"

त्यांनी सांगितलं की दोन मार्ग आहेत. एक, ही मोजणी चालवणाऱ्या कंपनीला लिहायचं, तिथे पाहायला महिनोन् महिने लागतात. दुसरा, त्या बाईंनी स्वतःच आपल्या खात्यातून तो निबंध काढून टाकायचा. मग ते माझी दोन्ही नावं एकत्र करून देणार होते. समिती पुढच्या महिन्यात होती.

घरी यांना सांगितलं. हे रिटायर झाल्यापासून कोणत्याही गोष्टीला "जाऊ दे" म्हणतात.

"जाऊ दे ना. काहून डोक्याले ताप करून घेऊन राहिली? प्राध्यापक झाली काय न नाही झाली काय, घरी तर तूच आहे."

"तुमचं प्रमोशन राहिलं होतं तवा काय म्हटलं होतं तुम्ही?"

"ते वेगळं होतं."

"काय वेगळं होतं?"

यांनी पेपर उघडला. इतक्या वर्षांत कोणत्या भांडणातून काय निघतं ते मला पाठ झालं आहे, आणि त्यातून फारसं काही निघत नाही.

त्या बाईचा नंबर कॉलेजच्या वेबसाइटवर मिळाला. घरून फोन करायची इच्छा नव्हती, म्हणून संध्याकाळी तेलीबांध्याच्या तळ्यावर गेले. फिरणाऱ्यांची गर्दी, मोमोजच्या गाड्या, कुणाच्या तरी वाढदिवसाचं गाणं. एका बाकावर जागा मिळाली. मनात भाषण तयार होतं, कडक. फोन उचलला गेला आणि मी सवयीनं नव्हे, मुद्दामच, माझं जुनं नाव सांगितलं. मी अमुक अमुक बोलते, रायपूरहून.

पलीकडून बाई म्हणाल्या, "हे तं माझं नाव आहे."

"माझं होतं आधी. लग्नात बदललं."

त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की मी फोन कानापासून दूर धरला. मग म्हणाल्या, "अन् मले लग्नात मिळालं."

मला कळेना. त्यांनी समजावून सांगितलं. त्यांचं माहेरचं नाव अगदी वेगळं होतं. सासरी आल्यावर तांदळात हे नाव लिहिलं गेलं, जे इकडे माझ्या सासूबाईंना नको झालं होतं. आडनावही माझ्या माहेरचंच निघालं, अर्थात आमचं नातं काही लागत नाही, ते आडनाव विदर्भात पैशाला पासरी आहे.

"सुरुवातीले तं कोणी हाक मारली तरी मी पाहतच नव्हती," त्या म्हणाल्या. "सासरे म्हणत, पोट्टीले ऐकू कमी येते का काय."

मी विचारलं, माझा निबंध तुमच्याकडे कसा. त्यांनी सरळ सांगितलं. मुलीनं ते खातं उघडून दिलं होतं. मशीननं नावं दाखवून विचारलं, हे सगळं तुमचं का, आणि पोरीनं सगळ्यालाच हो म्हणून दिलं. पुढे त्यांनी पाहिलं, तोवर कॉलेजनं तो आकडा आपल्या अहवालात छापून टाकला होता. तो काढा म्हणावं तर कॉलेजचं नाक कापलं जाणार, म्हणून प्राचार्य म्हणाले, राहू द्या.

"मी तं समजून राहिली होती, कोणी तरी येईनच विचाराले," त्या म्हणाल्या. "बरं झालं तुम्ही आल्या. मले त्याचं ओझंच वाटे. मी वाचला तो निबंध. मस्त आहे."

माझं कडक भाषण तिथेच विरघळलं. तो निबंध कोणी वाचला आहे असं मला इतक्या वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं. ज्यांनी त्याचे दाखले दिले त्यांचं लिखाण मी एकदा काढून पाहिलं होतं. जवळजवळ सगळे आपल्या पहिल्याच परिच्छेदात "रात्री तापत आहेत" असं म्हणतात, माझं नाव टाकतात आणि पुढे जातात. एकानं तर मी बरोबर उलटं म्हटलं आहे असं लिहून ठेवलं आहे. तोही एक जमा.

"तुमची समिती कधी?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या महिन्यात."

"माझीबी तवाच आहे."

माझा निबंध काढला तर त्यांच्या खात्यात काय उरणार ते मी ग्रंथालयात पाहिलं होतं. जे उरणार होतं ते माझ्याहून कमी होतं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मग तुमची समिती होऊ द्या. तोवर राहू द्या तुमच्याचकडे."

शब्द बाहेर पडले आणि मला धसका बसला. त्या हो म्हणाल्या असत्या तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही.

"नाही ताई," त्या म्हणाल्या. "उसना दागिना घालून लग्नात मिरवता येते, मुलाखतीत नाही. तिथं कोणी विचारलं, या निबंधात काय केलं सांगा, तं मी काय तुमच्या रात्री सांगत बसू?"

मी त्यांच्या माहेरच्या नावाबद्दल विचारलं. त्या नावानं काही छापलेलं आहे का. त्या म्हणाल्या, आहे एक, कापसावर, पण ते नाव आता कोण शोधते. आणि मग त्यांच्याकडे कुकर झाला म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात पोचायच्या आधी त्यांनी निबंध काढून टाकलेला होता. आमच्या सज्जन गृहस्थांनी कागदपत्रं जोडली, दोन्ही नावं एकत्र केली आणि खुशीत पडदा वळवला.

"अब देखिए दीदी। अब लग रहा है न साइंटिस्ट!"

मशीन नुसता आकडा देत नाही, चित्रही काढून देतं. कोणत्या वर्षी लिहिलेल्या कामाला पुढे किती दाखले मिळाले, त्याचे उभे खांब. पहिल्या खांबांत एक प्रचंड उंच होता, त्याच्या बाजूला दोन मध्यम. त्यानंतर बुटके बुटके, मग कुठे कुठे नुसती जमीन. दोन नावं वेगवेगळी होती तोवर मला हे कधी दिसलंच नव्हतं. इकडे एक हुशार पोट्टी होती, तिकडे एक दमलेली बाई होती, आणि दोघींचा संबंध लावायची वेळ आली नव्हती. आता दोघी एकाच कागदावर होत्या, आणि कुठे एक संपते आणि दुसरी सुरू होते ते कोणालाही बोट ठेवून दाखवता आलं असतं.

मी त्या सपाट जागेकडे पाहत राहिले. तिथे मी काय करत होते ते मला माहीत आहे. बाळंतपण, सासऱ्यांचा लकवा, मुलींच्या वसतिगृहाची वॉर्डनकी, परीक्षेच्या ड्युट्या, निवडणुकीच्या ड्युट्या, मूल्यांकनाच्या फायली, ज्या कोणी उघडूनसुद्धा पाहिल्या नाहीत. आणि संशोधन केलंच नाही असंही नाही. बीरगांवला कारखान्यांच्या मागच्या वस्तीत मी घराघरांतून तापमापी टांगल्या होत्या. रात्रपाळी करून आलेली माणसं पत्र्याखाली भर दुपारी कोणत्या उकाड्यात झोपतात, ते मोजलं होतं. उन्हाळाभर स्कूटीनं जात होते. एक बाई मला रोज विचारायची, "मैडम, गरमी है ये तो हम भी बता देते, मीटर काहे लगाए हो?" मी म्हणायची, तुमचं कोणी लिहून घेत नाही, मीटरचं घेतात. मला विचाराल तर ते माझं सगळ्यात चांगलं काम. ते एका लहानशा अंकात आलं. त्याला एकच सायटेशन आहे आणि ते माझं मीच दिलेलं आहे.

समितीच्या आदल्या दिवशी त्या विदर्भातल्या बाईंचा मेसेज आला. माझं राहिलं यंदा, तुमचं चांगलं होऊ द्या, असं लिहिलं होतं. मी पुष्कळ वेळ उत्तर लिहीत बसले, लिहिलं आणि खोडलं. शेवटी "आभारी आहे" एवढंच पाठवलं. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं आणि त्याच वेळी माझा निबंध माझ्याकडे आहे याचं बरंही वाटलं, आणि हे दोन्ही एका मनात मावतं याचा वीट आला.

समितीत पाच माणसं होती, सगळे पुरुष. अध्यक्ष बाहेरचे, वयस्कर, सौम्य, चष्मा कपाळावर. माझ्या आधीच्या उमेदवाराशी त्यांनी चहाच्या बागांवर गप्पा मारल्याचं बाहेर ऐकू आलं होतं. मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग त्यांनी ते खांबांचं चित्र हातात घेतलं, चष्मा खाली ओढला.

"बहुत बढ़िया काम है, मैडम। उस ज़माने में रात का तापमान किसने देखा था!" असं म्हणून त्यांनी पेन उंच खांबावर ठेवलं आणि हळूच उजवीकडे सरकवलं. "पर इसके बाद क्या हुआ?"

उत्तर तयार करून आणलं होतं. अनुदानाचा अभाव, अध्यापनाचा भार, प्रशासकीय जबाबदाऱ्या, पाठ केलं होतं ते. पण मी फार थकलेली होते आणि खरं तेच तोंडात आलं.

"शादी हुई, सर।"

सगळी समिती हसली. मनापासून हसली. एक जण तर म्हणाला, "मैडम का सेन्स ऑफ ह्यूमर अच्छा है।" अध्यक्षांनी हसत हसत मान हलवली आणि कागदावर खूण केली. त्यानंतर मला कोणी एकही प्रश्न विचारला नाही. माझं काम झालं ते बाहेर येईस्तोवर कळलंसुद्धा, ग्रंथालयातले गृहस्थ वरांड्यात पेढा घेऊन उभे होते. मी विनोद केला नव्हता.

घरी आले. यांनी दार उघडलं, माझ्या हातातली पिशवी घेतली.

"झालं?"

"झालं."

"काय विचारलं?"

मी सांगितलं. त्यांनी काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, ते कसे हसले. यांनाही हसू आलं, आधी, सवयीनं. मग माझ्याकडे पाहिलं आणि ते हसू तिथल्या तिथे राहिलं. पिशवी खाली ठेवून खुर्चीत बसले.

"तुले माझा राग येते का?" यांनी विचारलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला.

मी खरंच शोधून पाहिलं. राग कुठे सापडला नाही.

"तुमचा नाही येत," मी म्हणाले. "मले त्या पोट्टीची आठवण येते. तिले अजून खूप करायचं होतं."